नेमोन्ते नेन्किमो: जंगल वाचलं की नुसता लिलाव लांबला?

पायवाट:
इक्वेडोरमधल्या वाओरानी या आदिवासी समाजाच्या नेत्या नेमोन्ते नेन्किमो म्हटलं की २०२० चा पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार आणि पिसांचा मुकुट घातलेला फोटो, एवढंच फिरतं. मला त्यांचं कोर्टातलं काम मोठं वाटतं. इक्वेडोर सरकारने ॲमेझॉनमधलं सुमारे ७० लाख एकर जंगल १६ तेलपट्टे पाडून लिलावात काढायचं ठरवलं. त्यातला २२ नंबरचा पट्टा वाओरानींच्या जंगलावर. सरकार म्हणे, २०१२ मध्येच तुमच्याशी सल्लामसलत झालीय. पास्तासा प्रांतातल्या वाओरानींनी खटला भरला, नेमोन्ते पुढे होत्या. सुनावणीला समाजाला मान्य असा दुभाषी नव्हता, तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी कोर्टातच गाणी सुरू केली आणि कामकाज थांबवलं! २६ एप्रिल २०१९ ला पुयोच्या कोर्टाने वाओरानींच्या बाजूने निकाल दिला. पाच लाख एकर लिलावाबाहेर. तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय पान हलता कामा नये, असं माझं मत.

रोखठोक:
असहमत. इक्वेडोरला २००० पासून स्वतःचं चलन नाही, डॉलर वापरतात. नोटा छापून वेळ मारून नेता येत नाही, डॉलर कमवावेच लागतात. ते येतात तेल, केळी आणि कोळंबीतून. वाओरानी काही हजार, देश पावणेदोन कोटींच्या घरात. शाळा-दवाखान्यांचा पैसा कुठून आणायचा? २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोरेआ जगाला म्हणाले होते, यासुनी या ॲमेझॉनमधल्या राष्ट्रीय उद्यानातलं तेल जमिनीतच ठेवतो, आम्हाला ३६० कोटी डॉलर द्या. हातात पडले जेमतेम १.३ कोटी. २०१३ मध्ये योजना गुंडाळली. जंगल सगळ्यांना हवं, किंमत मात्र इक्वेडोरने मोजायची?

मीठभाकर:
गणपतीच्या वर्गणीत बंगलेवाल्याने ११ रुपये लिहावेत, तसं झालं हे.

भवताल:
रोखठोक, पैशाचा हिशोब पुरा करा की. इक्वेडोरच्या ईशान्य भागात टेक्साको या अमेरिकी कंपनीने १९६० च्या दशकात तेल शोधलं. १९९२ पर्यंत विहिरींचं सांडपाणी उघड्या खड्ड्यांत आणि ओढ्यांत सोडलं जात होतं. नेमोन्ते ज्या सेइबो अलायन्स या आदिवासींच्या संघटनेच्या सहसंस्थापक, तिने त्या भागातल्या गावांत पावसाचं पाणी साठवायची व्यवस्था बसवली. पर्जन्यवनात, नदीकाठी राहून प्यायला टाकीचं पाणी! हा खर्च तेलाच्या नफ्यातून कुणी वजा केला? आणि जंगल राखून पैसा मिळत नाही असंही नाही. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ग्रामसभेने स्वतः बांबू विकला.

रोखठोक:
बांबू तोडला की पुन्हा येतो. आणि त्यावर गाव चालेल, देश नाही. आता मतदानाचं बोलू. ऑगस्ट २०२३ मध्ये यासुनीतल्या ४३ नंबरच्या पट्ट्यातलं तेल थांबवावं म्हणून देशातल्या सुमारे ५९ टक्के लोकांनी कौल दिला. पण ओरेयाना आणि सुकुम्बिओस या तेलाच्या प्रांतांत उलटा कौल लागला. 'तिथल्या माणसांना विचारा' म्हणता ना? विचारलं, त्यांनी तेल मागितलं.

पायवाट:
ओरेयानात तेल कंपन्यांमागून रस्त्याने आलेले वसाहतवालेही मोठ्या संख्येने आहेत. त्यांचं मत खोटं नाही, पण ते म्हणजे वाओरानींचं मत नव्हे. वाओरानींनी खटल्यासाठी स्वतःचा नकाशा केला. शिकारीच्या वाटा, औषधी झाडं, सगळं त्यात. सरकारी नकाशावर तिथे पट्ट्याचा नंबर होता.

अर्धविराम:
तुम्ही दोघंही निकाल आहे त्यापेक्षा मोठा समजताय. कोर्टाने वाओरानींना नकाराधिकार दिलेला नाही. सल्लामसलत नीट झाली नाही, ती पुन्हा करा, एवढाच आदेश. इक्वेडोरच्या राज्यघटनेत जमिनीखालची खनिजं सरकारची आहेत. उद्या चांगला दुभाषी नेऊन, सहा महिने गावोगाव बैठका घेऊन सरकार परत आलं तर? तेल हवं असणारी वाओरानी गावंही आहेत.

पायवाट:
त्यांनी समजून-उमजून होकार दिला तर मी कोण नको म्हणणारा? तो होकार परस्पर गृहीत धरला, भांडण त्याचं आहे.

अर्धविराम:
आणि नकार दिला तर? यासुनीच्या मतदानात सगळ्या देशाने नकार दिला होता. तेल थांबवायला वर्षाची मुदत होती. वर्ष सरलं तेव्हा पहिल्या विहिरीचं झाकण लावून सरकारने सांगितलं, बाकीच्या बंद व्हायला २०२९ उजाडेल.