मदत हवी आहे : आदिलशाही तांब्याच्या नाण्यावर हिरवी भुकटी परत येतेय

पहिल्या अली आदिलशहाचं, म्हणजे १५८० च्या आधीचं, विजापुरी तांब्याचं नाणं आहे. एका बाजूला ‘असदुल्लाह अल-गालिब’ सुरेख उठलंय. ‘गालिब’लगतच्या खळग्यात मात्र फिकट हिरवी भुकटी येते, काढली की खाली खड्डा. म्हणजे साधा हिरवा थर नव्हे, क्लोराइडची कीडच (धातूत मुरलेले क्लोराइडचे क्षार ओल लागली की तांबं खात राहतात).

लाकडी काडीनं भुकटी काढली, डिस्टिल्ड पाणी बदलत भिजवलं, पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवलं. बेळगावचा पावसाळा लागला की पुन्हा तेच. चिंच-लिंबू कृपया सुचवू नका, अक्षरांभोवतीचा काळा थर उतरेल.

आता धुण्याचा आणि खाण्याचा सोडा मिसळून सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं ५ टक्के द्रावण करणार आहे. त्यात नाणं किती दिवस ठेवावं, क्लोराइड संपलं हे कसं ओळखावं, आणि काळा थर टिकतो का?