ओपीएमएलवर फार विसंबू नका

फीड वाचक (अनेक ब्लॉगांचे नवे लेख एकाच जागी दाखवणारं ॲप किंवा साइट) कुठलाही निवडा, ओपीएमएल फाइल, म्हणजे आपण जोडलेल्या ब्लॉगांची यादी, उतरवून घेता येते म्हणजे काळजी मिटली, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. त्या फाइलीत फक्त फीडचे (ब्लॉग आपले लेख वाचकाला ज्यातून पुरवतो त्या यादीचे) पत्ते, त्यांची नावं आणि फोल्डर एवढंच जातं. तारा लावून ठेवलेले लेख, काय वाचलं नि काय राहिलं, यातलं काहीही सोबत येत नाही. शिवाय फीडमध्ये मुळात ताजेच लेख असतात. वर्डप्रेसचा ब्लॉग कोणी सेटिंगला हात न लावता चालवत असेल तर शेवटचे १०, ब्लॉगरवर साधारण २५. त्यामुळे नव्या वाचकात तेच ब्लॉग जोडले तरी जुना साठा दिसेलच असं नाही, आणि मूळ ब्लॉगच गायब झाला असेल (मराठीत असे कितीतरी आहेत) तर तो लेख गेलाच समजा. मी म्हणूनच जपून ठेवावासा वाटलेला लेख लगेच पीडीएफ करून ठेवते.

राहता राहिलं स्टार्ट पेज, म्हणजे ब्राउझर उघडल्यावर समोर येणारं, फीड आणि इतर माहितीचे चौकोन मांडलेलं पान. गूगलचा फीड वाचक गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचं स्टार्ट पेज आयगूगलही गेलं, तेव्हा कंपनी मोठी आहे या भरवशाला अर्थ नाही. हवामान, घड्याळ, शेअरबाजाराचे चौकोन दोन दिवस बरे वाटतात, मग त्यांच्याकडे कोण बघतं? ब्राउझर उघडला की थेट फीड वाचकच समोर येईल असं करून टाका. वेगळं पान हवंच कशाला?