डी.एस.एल.आर. सोडून मिररलेस कॅमेरा घ्यावा का?

धानपट्टा_स्टुडिओ (ब्रह्मपुरी तालुका)

नमस्कार मंडळी. गावात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. उन्हाळ्यातली लग्नसराई, शाळांची ओळखपत्रे आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत चालणारी झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटके, या तीन कामांवर तो चालतो. सध्या निकॉन डी ७५० हा डी.एस.एल.आर., म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा वापरतो. रोजच्या कामाला २४-१२० एफ/४ जी ही लेन्स असून, त्याशिवाय जुन्या 'डी' मालिकेतल्या ५० एफ/१.८, ८५ एफ/१.८ आणि ८०-२०० एफ/२.८ अशा तीन लेन्सेस आहेत. फ्लॅश एस.बी. ७०० आहे. बॉडीचे शटर कंपनीने सांगितलेल्या दीड लाख क्लिकच्या मर्यादेपलीकडे गेले आहे. अजून त्याने कुरकुर केलेली नाही, परंतु मंगलाष्टके सुरू असताना ते अडकले तर मुलीच्या वडिलांना काय उत्तर द्यायचे, ही धाकधूक प्रत्येक लग्नात असते.

दुसरी अडचण व्हिडिओची आहे. लग्नाची बोलणी करायला येणारी मंडळी आता अल्बमच्या पानांआधी 'रील मिळेल का, सिनेमॅटिक होईल का' हे विचारतात. डी ७५० मध्ये व्हिडिओ १०८० पर्यंतच आहे आणि लाईव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर पाहून घेताना) त्याचा फोकस मागेपुढे चाचपडत राहतो, त्यामुळे चालत्या नवरीवर तो धरवत नाही. आमच्या भागातल्या दोन-तीन तरुण मुलांनी मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले कॅमेरे घेतले आहेत आणि 'काका, आता आरशाचे दिवस गेले' असे ती मला ऐकवतात.

खर्चाची मर्यादा दीड लाखाच्या आसपास आहे, आणि तोही धानविक्रीचे पैसे (चुकारे) लोकांच्या हाती पडल्यावर, कारण माझी बाकी तेव्हाच वसूल होते. एवढ्या रकमेत मिररलेसकडे जाणे शहाणपणाचे ठरेल का? माझ्या जुन्या लेन्सेस चालतील का? आमच्याकडच्या उन्हात आणि धुळीत हे कॅमेरे टिकतात का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वणीकर_कँडिड

भाऊ, आपण बॉडीपासून सुरुवात केली आहे. माझ्या मते या निर्णयाचे खरे गणित लेन्सच्या पिशवीत आहे, म्हणून आधी तिकडे वळतो.

निकॉनचा एफ माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची बैठक) १९५९ सालचा आहे. त्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंत ४६.५ मि.मी. अंतर ठेवावे लागते, कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी. २०१८ साली आलेल्या झेड माउंटमध्ये आरसाच नसल्यामुळे हे अंतर १६ मि.मी. वर आले. उरलेले ३०.५ मि.मी. भरून काढणारे कडे म्हणजे एफ.टी.झेड. अडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राची प्रत घसरत नाही. आपली २४-१२० जी ही ए.एफ.-एस. लेन्स आहे, म्हणजे फोकसची मोटर तिच्या पोटातच आहे. ती अडॅप्टरवर फोकससह आणि तिच्या व्ही.आर.सह (लेन्समधल्या कंपनरोधकासह) व्यवस्थित चालेल.

'डी' मालिकेचे मात्र तसे नाही. या लेन्सेसमध्ये मोटर नसते. बॉडीच्या माउंटवर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखी जी लहान दांडी दिसते, ती फिरून त्यांचा फोकस हलवते. एफ.टी.झेड.मध्ये ही दांडी नाही. म्हणजे आपल्या ५०, ८५ आणि ८०-२०० या तिन्ही लेन्सेस मिररलेसवर बसतील, ॲपर्चर चालेल, प्रकाशमापन चालेल, बॉडीतले कंपनरोधकसुद्धा काम करील. पण ऑटोफोकस होणार नाही. निवांत पोर्ट्रेटला हाताने फोकस करता येतो, परंतु वरमाला गळ्यात पडण्याच्या क्षणी एफ/१.८ वर, जिथे फोकसची खोली अगदी थोडी असते, तो जमवणे ही रोजच्या धंद्यात चालणारी गोष्ट नाही.

तेव्हा माझी सूचना अशी आहे की, ५० आणि ८५ या दोन लेन्सेस आताच विकून त्यांच्या एफ/१.८ जी (पोटात मोटर असलेल्या) आवृत्त्या जुन्या बाजारात घ्याव्यात. वरचा फरक द्यावा लागेल, पण बॉडीच्या तुलनेत तो फार नाही. याचा मोठा फायदा असा की, त्या आजच्या डी ७५० वर चालतील आणि उद्या अडॅप्टर लावून मिररलेसवरही चालतील, त्यामुळे बॉडीबाबत निर्णय कोणताही झाला तरी हा पैसा वाया जात नाही. ८०-२०० चा प्रश्न अवघड आहे. तिच्या तोडीची मोटरवाली लेन्स महाग पडते, म्हणून ती सध्या राहू द्यावी.

बॉडीबाबत एक सावधगिरी सांगतो. स्वस्त पडतो म्हणून पहिला झेड ५ हा निकॉनचा मिररलेस घ्यायचा मोह होईल. तो सलग फोटो सेकंदाला ४.५ च्या वेगाने काढतो, आपला डी ७५० मात्र ६.५ च्या. शिवाय त्यात ४के व्हिडिओ घेताना चौकट १.७ पट कापली जाते, म्हणजे २४ मि.मी. ची लेन्स ४० च्या आसपासची होऊन बसते आणि लहान घराच्या ओसरीवरची हळद त्यात मावत नाही. झेड ६ टू या दोन्ही बाबतींत बरा आहे, परंतु त्यातला एक खाचा सी.एफ.एक्सप्रेस किंवा एक्स.क्यू.डी. मेमरी कार्डाचा आणि दुसरा एस.डी.चा आहे. लग्नात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंद ठेवायची तर महागडे कार्ड आणि त्याचा रीडर यांचा खर्च आधीच धरून ठेवा. २०२५ साली आलेल्या झेड ५ टू मध्ये दोन्ही खाचे एस.डी.चे आहेत, म्हणून आपल्याकडची कार्डे कामी येतील. भाव नागपुरात विचारून पाहावा.

देसाईगंज_रंगमंच

मी प्रामुख्याने नाटकांचे फोटो काढतो, त्यामुळे आपल्या तीन कामांपैकी त्या एकाबद्दलच अधिकाराने लिहू शकतो. तिथे मिररलेसने मला जे दिले ते डी.एस.एल.आर.वर मिळत नव्हते, हे प्रथम सांगतो. पण ते ज्या कारणासाठी विकत घेतले जाते, ते कारण झाडीपट्टीत फारसे उपयोगी पडत नाही.

लोक म्हणतात, 'शटर मुके असते, म्हणून नाटकाला उत्तम.' मुके शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. त्यात सेन्सर एका क्षणात वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. साधारण मिररलेसमध्ये या वाचनाला बराच वेळ लागतो, आणि आपल्या मंडपातले एल.ई.डी. पार दिवे (रंगमंचावरचे झोतदिवे) त्याच वेळात कितीतरी वेळा विझून पेटत असतात. परिणामी नायिकेच्या चेहऱ्यावरून आडवे काळे-जांभळे पट्टे जातात आणि ते संगणकावर पुसता येत नाहीत. म्हणून रंगमंचावर मी यांत्रिक शटरच वापरतो. ज्या दिव्यांची लुकलुक विजेच्या ५० हर्ट्झवर चालते, ते सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. त्यांच्याखाली १/५० किंवा १/१०० हा वेग ठेवला की बहुतेक त्रास टळतो. आवाजाचे म्हणाल तर ज्या मंडपात ऑर्गन आणि ढोलकी रात्रभर चालते आणि लावणीला शिट्ट्या पडतात, तिथे आपल्या शटरची टकटक कोणाला ऐकू येणार? शोकप्रसंगात पहिल्या रांगेत बसलो असेन तेवढ्यापुरतीच ती खटकते.

खरा फायदा दोन ठिकाणी आहे. पहिला फोकसच्या व्याप्तीचा. डी ७५० चे ५१ फोकस बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसलेले असतात, त्यामुळे पात्र कडेला उभे असले की आधी मध्यावर फोकस धरून मग चौकट सरकवावी लागते, आणि तेवढ्यात पात्र हलते. मिररलेसमध्ये बिंदू जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले असून कॅमेरा डोळा ओळखून त्यालाच धरून ठेवतो. मी फक्त चौकटीकडे आणि संवादाकडे लक्ष देतो. दुसरा फायदा अचूकतेचा. डी.एस.एल.आर.मध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो. तो आणि मुख्य सेन्सर यांत किंचितही तफावत पडली की डोळ्याऐवजी कान तीक्ष्ण येतो, आणि मग प्रत्येक लेन्ससाठी फाइन-ट्यून करत बसावे लागते. मिररलेस मुख्य सेन्सरवरच मोजतो, त्यामुळे हे प्रकरण उरत नाही.

व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजर आधीच दिसते, ही गोष्टही रंगमंचावर मोलाची आहे, कारण प्रकाशयोजना प्रवेशागणिक बदलते. फ्लॅशच्या कामात मात्र तीच अडचण होऊ शकते. साध्या ट्रिगरवर स्टुडिओचे दिवे चालवताना व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार दिसला, तर मेनूतले 'सेटिंगचा परिणाम लाईव्ह व्ह्यूमध्ये दाखवा' हे बंद करावे. शिवाय एस.बी. ७०० मधून फोकसला मदत म्हणून जो लाल प्रकाश पडतो, तो निकॉनचे मिररलेस वापरत नाहीत. लाईट गेलेल्या मांडवात हे ध्यानात असू द्यावे.

जुना_पेंटाप्रिझम (उमरेड)

वरील दोघांनी सर्व काही सांगितले, पण आपल्या खिशाला सर्वांत सोयीचा पर्याय कोणीच मांडला नाही. २०२० साली निकॉनने डी ७८० काढला. तो डी.एस.एल.आर.च आहे. त्यात लेन्स फिरवणारी ती दांडी शाबूत आहे, म्हणजे तिन्ही 'डी' लेन्सेस ऑटोफोकससह चालतील. दोन्ही खाचे एस.डी.चे आहेत. लाईव्ह व्ह्यूमध्ये मात्र तो मिररलेसप्रमाणे मुख्य सेन्सरवर फोकस करतो आणि पूर्ण चौकटीत ४के घेतो. बॅटरीच्या प्रमाणित चाचणीत एका चार्जवर २,२६० फोटो! पहिल्या झेड ५ चा हाच आकडा स्क्रीन वापरून ४७० आहे. ज्या गावात लग्नाच्या दिवशी वीज कधी येईल ते सांगता येत नाही आणि जनरेटरवर आधी डीजेचा हक्क असतो, तिथे या आकड्याला किती महत्त्व आहे ते पुण्या-मुंबईच्या यूट्यूबवाल्यांना कळणार नाही.

'आरशाचे दिवस गेले' असे म्हणणाऱ्या पोरांना एवढेच विचारा की, गिऱ्हाईक अल्बम पाहून आरसा होता की नव्हता हे ओळखते काय.

वणीकर_कँडिड

डी ७८० चा मुद्दा योग्य आहे आणि फोटोपुरता मी तो मान्य करतो. पण व्हिडिओत 'डी' लेन्सची दांडी फिरते तेव्हा तिची घरघर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये स्पष्ट नोंदली जाते, म्हणजे मोटरवाल्या लेन्सेस तिथेही लागणारच. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फोकस बिंदू पुन्हा तेच मध्यातले ५१. बॉडीत कंपनरोधक नाही. आणि निकॉनने २०२० नंतर नवा डी.एस.एल.आर. काढलेला नाही, त्यामुळे आज घातलेला पैसा पाच वर्षांनी विकताना किती परत येईल, याचाही विचार व्हावा. बॅटरीचा प्रश्न दोन जादा बॅटऱ्यांनी सुटतो. आपल्याकडच्या ई.एन.-ई.एल. १५ या झेड ५ आणि झेड ६ टू मध्ये बसतात. फोटो कमी निघतात आणि कॅमेऱ्यातच यू.एस.बी.ने चार्ज होत नाहीत, एवढेच.

धानपट्टा_स्टुडिओ (ब्रह्मपुरी तालुका)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'डी' लेन्सचा मुद्दा मला दुकानदाराने सांगितलाच नव्हता. त्याने 'अडॅप्टर लावा, सगळे चालते' एवढ्यावर बोळवण केली होती.

विचाराअंती असे ठरवतो आहे की, ५० आणि ८५ या लेन्सेस आताच जी आवृत्तीत बदलून घ्याव्यात आणि डी ७५० चे शटर सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून तो या लग्नसराईपुरता खात्रीचा करावा. व्हिडिओसाठी मिररलेस घ्यायचा की डी ७८०, हे नागपूरहून एखाद्या लग्नापुरता मिररलेस भाड्याने आणून पाहिल्यावर ठरवीन. ऊन आणि धूळ यांबद्दल मात्र अजून कोणी लिहिले नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे आपण जाणताच.

मोहर्ली_मार्ग

ताडोब्याच्या उघड्या जिप्सीत भर मे महिन्यात मिररलेस वापरतो, म्हणून लिहितो. निकॉनच्या माहितीपुस्तिकेत डी.एस.एल.आर. आणि मिररलेस या दोहोंसाठी वापराची वरची मर्यादा ४० अंशच दिलेली असते, म्हणजे कागदोपत्री आपला विदर्भ दोघांनाही वर्ज्य आहे. फोटो काढताना मला उन्हाचा त्रास फारसा जाणवलेला नाही. सलग ४के व्हिडिओ घेताना मात्र सेन्सर सतत चालू असल्याने बॉडी तापते आणि तापल्याची सूचना देऊन रेकॉर्डिंग थांबू शकते. दुपारच्या वरातीत लहान लहान तुकडे घ्यावेत, मधल्या वेळात कॅमेरा बंद करून ओल्या नव्हे तर कोरड्या पांढऱ्या कापडाखाली ठेवावा आणि काळ्या बॅगेत घालून गाडीच्या डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये.

धुळीचा धोका मिररलेसला निश्चितच जास्त आहे. लेन्स काढली की डी.एस.एल.आर.मध्ये समोर आरसा आणि बंद शटर असते. बहुतेक मिररलेसमध्ये थेट सेन्सर उघडा पडतो. हळद, गुलाल आणि फुफाटा यांच्यात लेन्स बदलण्याची वेळच येऊ देऊ नये, म्हणूनच लग्नात दोन बॉडी बाळगणे इष्ट. त्या दृष्टीने आपला डी ७५० विकू नका. त्यावर ८०-२०० कायम लावून ठेवा, म्हणजे ती लेन्सही ऑटोफोकससह कामात राहील.

भाड्याने आणाल तेव्हा ऐन संध्याकाळच्या लग्नाला आणा आणि ८५ जी लावून मांडवातल्या दिव्यांखाली चालत्या माणसावर फोकस धरून पाहा. दुकानाच्या काउंटरवर सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. आणि एफ.टी.झेड. भाड्यात धरला आहे का, हे आधी विचारून घ्या, पुष्कळ ठिकाणी त्याचे भाडे वेगळे असते. दुसरी आवृत्ती मिळाली तर तीच मागा, पहिलीच्या खाली ट्रायपॉडचा जो पाय आहे तो हाताला आणि गिंबलला (व्हिडिओत कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्याला) अडतो.