मदत हवी आहे : ‘द कराटे किड’चा तिसरा भाग पुन्हा पूर्ण बघू का?

‘द कराटे किड’ चित्रपटांची पुढची गोष्ट सांगणाऱ्या ‘कोब्रा काय’ मालिकेचे तीन सीझन बघून झालेत. चौथ्यात टेरी सिल्व्हर परत येतो एवढं कळलंय, म्हणून तो ज्यात खलनायक आहे तो १९८९चा तिसरा भाग पुन्हा लावला. पहिले दोन भाग (१९८४, १९८६) मला अगदी पाठ आहेत, त्यामुळे ते बघा असं सुचवू नका.

दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा नायक डॅनियल त्याचे कराटे-गुरू मियागींना सोडून सिल्व्हरकडे शिकायला जातो तिथे थांबलो. ज्या माणसाने त्याला बापाची माया दिली, त्याच्याशी तो इतक्या सहज तुटेल हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. सिल्व्हरचा खुनशीपणाही फार भडक वाटतो. सारांश वाचला, पण त्यात फक्त घटना कळतात. डॅनियलच्या मनावर काय ओरखडा उठला ते कळत नाही, आणि मला नेमकं तेच हवंय.

चौथ्या-पाचव्या सीझनमधलं काही फोडू नका, प्लीज.

ज्यांनी हा भाग अलीकडे पुन्हा बघितलाय त्यांनी सांगा : सिल्व्हरच्या तालमीपासून शेवटच्या सामन्यापर्यंतचे कोणते प्रसंग चौथ्या सीझनआधी बघायलाच हवेत, की सलग बघितल्याशिवाय डॅनियलला सिल्व्हरची वाटणारी भीती पोचतच नाही?