न्यूयॉर्क: रस्त्यावरच्या झडत्या कमी झाल्या, तरी खून का वाढले नाहीत?

काठावरचा: २०११ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना संशयावरून रस्त्यात अडवलं (यालाच 'स्टॉप अँड फ्रिस्क', म्हणजे अडवून अंग चाचपणं, म्हणतात). २०१४ पर्यंत हा आकडा ४६ हजारांच्या आत आला, आणि खून ५१५ वरून ३३३ वर. पण पोलिसांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. गोळीबारातले संशयित बहुतेक कृष्णवर्णीय असतील, तर अडवलेल्यांतही तेच जास्त असणार. मग वर्णभेद झाला हे ठरवायचं कसं?

रेघोट्या: न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी याच अडवणुकीवरून न्यूयॉर्क शहराविरुद्ध चाललेल्या फ्लॉइड खटल्यात (ऑगस्ट २०१३) नेमकं यालाच उत्तर दिलंय. जानेवारी २००४ ते जून २०१२ मध्ये ४४ लाख वेळा लोकांना अडवलं. त्यांतल्या ८८ टक्के वेळा ना अटक, ना समन्स. अडवलेले बहुतेक निर्दोषच होते, मग त्यांचा वर्ण गुन्हेगारांच्या वर्णाशी का जुळावा? शिवाय हाती काय लागलं तेही बघा. शस्त्र सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांत १.४ टक्के, कृष्णवर्णीयांत १.० टक्का. म्हणजे कृष्णवर्णीयांना कमी संशयावर अडवत होते.

तिरकस: शेवटचं वाक्य जरा जपून. सरासरी फसवते. समजा दोघांनाही 'किमान एक टक्का शक्यता' हाच उंबरठा लावला, पण अडवलेल्या गोऱ्यांत कमरेला पिस्तुलाचा फुगवटा दिसणारे थोडे जास्त निघाले. त्यांची सरासरी भेदभावाशिवायही चढेल. त्यापेक्षा भक्कम पुरावा असा की गुन्ह्यांचं प्रमाण हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या) वस्त्यांत अडवणूक जास्त होती.

खरी गोम फॉर्ममध्ये आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या टेरी निकालानुसार संशयाला शब्दांत सांगता येईल असा आधार लागतो. अडवल्यावर पोलीस भरत त्या यूएफ-२५० फॉर्मवर मात्र 'चोरट्या हालचाली' आणि 'गुन्हेगारी भाग' या दोन चौकटींत खूण केली की काम भागायचं. कसल्या हालचाली, ते लिहायची सक्ती नाही. म्हणून फ्लॉइड खटल्याच्या आदेशात फॉर्मवर तपशील लिहायला जागा ठेवायला आणि अडवण्याचं व अंग चाचपण्याचं कारण वेगवेगळं द्यायला सांगितलं. (आपल्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला तर चौकटही लागत नव्हती, जन्म पुरे होता.)

काठावरचा: बरं, मग गुन्हे कशानं कमी झाले?

रेघोट्या: एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, खून १९९० नंतरच उतरू लागले होते. 'ऑपरेशन इम्पॅक्ट' या पोलिसांच्या योजनेत ठरावीक चौकांत नवे शिपाई ओतले, तिथे गुन्हे घटले. पण अभ्यासकांनी वेगळं काढून पाहिलं, तेव्हा ठोस कारणावरून केलेल्या अडवणुकीचा परिणाम दिसला, मोघम संशयावरच्या अडवणुकीचा जवळपास नाही. गस्त उपयोगी पडली, खिसे चाचपणं नाही.

तिरकस: आणि तो ४६ हजारांचा आकडाही पूर्ण खरा धरू नका. न्यायालयानं नेमलेल्या निरीक्षकांना नोंदच न केलेली अडवणूक आढळली होती. अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि फॉर्म ताडून पाहिले, की ती सापडते.