फॅट नव्हे, साखर बघा

मधुमेहात 'लो फॅट' स्ट्रॉबेरी योगर्ट चालेल का, असं एकांनी विचारलंय. माझं मत, नको. साध्या दह्यात १०० ग्रॅमला साधारण ४-५ ग्रॅम कर्बोदकं, तीही दुधातलीच. स्वादाच्या कपात हा आकडा सहज १२-१५ वर जातो. लेबलवर 'अ‍ॅडेड शुगर'ची ओळ शोधा. 'ग्रीक' (पाणी गाळून घट्ट केलेलं) लिहिलंय म्हणजे बिनसाखरेचं, असं नाही.

मी रात्री विरजण लावते, सकाळी दही फडक्यात बांधून नळाला टांगते. पाण्याबरोबर थोडं लॅक्टोजही (दुधातली साखर) गळून जातं, वाटीत प्रथिनं जास्त येतात. त्यात काकडी, जिरेपूड, मीठ. (साखर घोटलीत की श्रीखंड झालं, मग मला विचारू नका!) दहीभातानंतर माझी साखर चढायची, ती भाताने, नुसतं दही खाऊन दोन तासांनी मोजली तेव्हा कळलं.

आणि अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) २०२४ मध्ये मान्य केलेला दह्याबद्दलचा दावा मधुमेह होण्याचा धोका कमी होण्याबद्दल आहे, तोही 'मर्यादित पुरावा' म्हणून. आपल्याला मधुमेह आधीच झालाय, त्यामुळे गोळ्या सुरूच ठेवा.