पीडीएफ फिरवणं ही चोरी नाही म्हणे!

अनुवादिका:
परवा इथे एकाने लिहिलं, "पीडीएफ कॉपी केली तरी मूळ फाइल जागेवरच राहते, मग चोरी कसली?" खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

एका कादंबरीच्या अनुवादावर मी चौदा महिने घालवले. पुस्तक येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच टेलिग्रामवर त्याची पीडीएफ. उघडली तर पहिल्याच पानावर माझं अक्षर! एका स्नेह्यांना 'सप्रेम भेट' म्हणून दिलेली प्रत कुणीतरी स्कॅन केली होती. कोपऱ्यात पान दाबून धरलेला अंगठाही दिसतोय. माझं मानधन विक्रीवर ठरलंय. फाइल जागेवर राहिली, माझ्या चौदा महिन्यांचं काय?

नीरक्षीर:
वाईट झालं, पण शब्द जपून वापरा. बेकायदा प्रती म्हणजे 'चोरीचा माल' नव्हे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९८५ मध्ये, गाण्यांच्या बेकायदा तबकड्या विकणाऱ्या डाउलिंगच्या खटल्यात म्हटलंय. हा कॉपीराइटचा भंग आहे. शिवाय पीडीएफ उतरवणारा प्रत्येक जण पुस्तक विकत घेणारच होता, असं कशावरून?

अनुवादिका:
त्याच डाउलिंगला कॉपीराइटभंगासाठीही दोषी ठरवलं होतं, ते का गाळलंत? आणि सगळे घेणार नव्हते, मान्य. शंभरातल्या पाचांनी घेतलं असतं तरी मला फरक पडला असता.

जुनं पान:
कॉपीराइट कायदाच वाचकांच्या विरोधात आहे. १७१० च्या इंग्लंडच्या कायद्यात मुदत होती १४ वर्षं, लेखक हयात असेल तर आणखी १४. आता लेखक गेल्यावर भारतात ६०, युरोपात ७०. मला हवं असलेलं एक पुस्तक कुणी छापत नाही, वारसांचा पत्ता नाही. ते स्कॅन केलं नाही तर वाळवी खाणार.

अनुवादिका:
तुमचं पुस्तक बाजारात नाही. माझं आहे. दोन्ही एका तागडीत घालू नका.

रातवाचक:
आधी हे सांगा, पैसे मोजून घेतलेलं ई-पुस्तक माझं असतं का? छापील पुस्तक मी मित्राला देतो, जुन्या बाजारात विकतो. ई-पुस्तकाची तशी फेरविक्री चालणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. बटणावर 'विकत घ्या' आणि अटींमध्ये 'परवाना'! २००९ मध्ये ॲमेझॉनने स्वतःच विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रातून, परस्पर पुसली होती. पैसे परत केले म्हणून काय झालं? दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेतो का?

माझ्या बहिणीला दिसत नाही. तिच्यासाठी ई-पुस्तक घेतलं, तर कॉपी रोखायच्या डिजिटल कुलपामुळे मोठ्याने वाचून दाखवायची सोयही बंद. विक्रेत्याला तीन ईमेल केले, तिन्हींना तेच ठरावीक उत्तर. शेवटी चोरटी फाइल उतरवली. पहाटेपर्यंत ऐकत बसली होती ती. मला चोर म्हणायचंय? म्हणा.

नीरक्षीर:
अंधांसाठी सुलभ प्रती काढायला २०१३ च्या माराकेश करारात वाट आहे. २०१४ मध्ये त्याला सगळ्यांत आधी मान्यता दिली ती भारतानेच.

रातवाचक:
करार मला पाठ आहे. त्याने त्या फाइलचं कुलूप उघडलं नाही.

छापखाना:
बहिणीला पुढे करून चोरांची वकिली चाललीय. त्या ग्रुपातले हजारो लोक काय आंधळे आहेत?

रातवाचक:
तोंड सांभाळा. पैसे भरून घेतलं होतं मी ते पुस्तक. पावती आहे.

छापखाना:
बहिणीबद्दल बोललो ते चुकलं, शब्द मागे घेतो. पण आम्ही कुलूप न लावता प्रकाशित केलेली दोन ई-पुस्तकं आठवड्यात सगळीकडे पसरली. तिसरं विनाकुलूप काढायची हिंमत होत नाही.

नीरक्षीर:
कुलूप लावलेली पसरत नाहीत का?

छापखाना:
पसरतात. जरा उशिरा.

अनुवादिका:
म्हणजे कुलूप नडतं ते पैसे भरणाऱ्यालाच. हे मला आवडत नाही, पण नाकारताही येत नाही. तरी माझ्या सहीचं पान गावभर फिरवणारा माझ्या लेखी चोरच, न्यायालय काहीही म्हणो.

रातवाचक, बहिणीला माझा अनुवाद ऐकायचा असेल तर व्यक्तिगत संदेशात पत्ता कळवा. प्रकाशकांना विचारून मजकुराची साधी फाइल पाठवते. फक्त तिच्यासाठी.

रातवाचक:
कळवतो. पुढे जाणार नाही, शब्द देतो. कुलपाबद्दलचं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही.